दगा देणाऱ्यावर सूडाचं गाणं कसं लिहावं

अमेरिकन कंट्री गायिका कॅरी अंडरवूडचं 'बिफोर ही चीट्स' हे गाणं 2005 च्या 'सम हार्ट्स' अल्बममधलं, पुढच्या वर्षी सिंगल म्हणून निघालेलं. जॉश किअर आणि ख्रिस टॉम्पकिन्स यांच्या या गाण्यामुळे कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) न ऐकणारा श्रोताही तिच्याकडे वळला आणि 2008 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री गीताचं ग्रॅमी मिळालं. असं गाणं लिहायचं तर आधी हेच खोलून बघा.

दगा देणारा बारमध्ये आहे, गाणारी तिथे नाहीच, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. अंतऱ्यात ती नुसते अंदाज बांधते: तो आत्ता बहुतेक केस रंगवलेल्या कुणाबरोबर नाचत असेल, तिला व्हिस्की झेपत नाही म्हणून गोडसर काहीतरी पाजत असेल, मागे उभा राहून पूलची (बिलियर्ड्ससारख्या खेळाची) काठी धरायला शिकवत असेल. दुसऱ्या अंतऱ्यात तो बाथरूममधलं तीन डॉलरचं अत्तर फासतो. हा तीन डॉलरचा तपशील अख्ख्या शिवीगाळीपेक्षा जास्त बोचतो.

ध्रुवपदात मात्र अंदाज संपतात. त्याच्या गाडीच्या अंगावर किल्लीने ओरखडा, चामड्याच्या सीटवर कोरलेलं नाव, बॅटने फोडलेले दोन्ही हेडलाइट, चारही टायरना भोकं. सगळं भूतकाळात, करून मोकळी. 'कदाचित' फक्त शेवटच्या ओळीत परततं: पुढच्या वेळी तो आधी विचार करेल, कदाचित.

म्हणून आधी आठ-दहा अंदाज लिहा. कुठल्याही पुरुषाला लागू पडेल ते खोडा. चार-पाच उरले तरी पुष्कळ. मग त्याची एकच लाडकी वस्तू निवडा आणि सगळी मोडतोड तिच्यावरच करा. घर, फोन, कपडे असं पसरलात की नुकसानीची यादी होते. माणसाला मारू नका; श्रोता लगेच त्याची बाजू घेतो. 'का केलंस असं?' हा प्रश्नही नको. तो आला की सूड संपून रडगाणं सुरू होतं.

मराठीत एक अडचण हमखास येते. 'मी' कर्ता असला तरी भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: दिवे फोडले, सीट चिरली, नाव कोरलं. यमक तिथेच मोडतं. ओळीच्या शेवटी येणारी कर्मं एकाच लिंगवचनाची घ्या (दिवे फोडले, टायर फाडले, आरसे तोडले), नाहीतर क्रियापद आधी आणून यमक नामावर ठेवा.

लय संथ ठेवा. मूळ गाणं मिनिटाला साधारण 74 ठोक्यांचं आहे. वेग वाढवला की भांडण वाटतं. स्केल एफ शार्प मायनर: गिटारवर दुसऱ्या पट्टीला (फ्रेटला) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ई मायनरचे आकार धरा. ध्रुवपदात आवाज पोचत नसेल तर कॅपो काढा, दोन अर्धस्वर खाली याल. अंतरा बोलल्यासारखा, खालच्या आवाजात गा. पहिल्याच ओळीला चिडलात तर ध्रुवपदासाठी काही उरत नाही.

दोन ध्रुवपदांनंतरच्या ब्रिजमध्ये (शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या वेगळ्या चालीच्या तुकड्यात) आणखी काच फोडू नका. इथे काळ बदला. मूळ गाण्यात ती म्हणते की पुढच्या मुलीचा थोडा त्रास वाचवला असेल, कारण तो पुन्हा दगा देईल तेव्हा समोर मी नसेन. बाई निघून गेली हे श्रोत्याला तिथेच कळतं; मग शेवटचं ध्रुवपद पूर्ण आवाजात.