एशियन रूरल इन्स्टिट्यूटला जायचंय? मग आधी हे वाचा

गावपातळीवर काम करणारे तरुण कार्यकर्ते मला वरचेवर विचारतात, की जपानमधलं ते नऊ महिन्यांचं प्रशिक्षण नेमकं कसं असतं आणि इथे परत आल्यावर त्याचा उपयोग काय. धडगाव भागात बचत गटांचं काम करत असताना मी तिथे गेले होते. त्या अनुभवावरून सांगते.

टोकियोच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, तोचिगी प्रांतातल्या नासुशिओबारा इथे ही संस्था आहे. १९७० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं आणि लाखो माणसं गेली. तिथे पुनर्वसनाच्या कामाला गेलेल्या जपानी मंडळींमध्ये तोशिहिरो ताकामी होते. बाहेरची मदत आज ना उद्या थांबते, त्यानंतर गाव सावरायला गावातलीच तयार माणसं लागतात, या विचारातून त्यांनी १९७३ मध्ये संस्था काढली. १९९६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्था ख्रिस्ती विचारातून उभी राहिली असली तरी सगळ्या धर्मांचे लोक तिथे येतात. एप्रिल ते डिसेंबर आशिया, आफ्रिका, पॅसिफिकमधले कार्यकर्ते एकत्र राहतात. आपल्याकडच्या ईशान्य भारतातली मंडळीही असतात. महाराष्ट्रातून जास्त जणांनी जावं, असं मला मनापासून वाटतं.

सेवाभावी नेतृत्व हा तिथल्या शिक्षणाचा कणा. त्यावर व्याख्यानं होतात, चांगली होतात. पण ते अंगात मुरतं शेतावर आणि गोठ्यात. सगळ्यांचे गट पाडतात. प्रत्येक गटाकडे शेताचा तुकडा आणि जनावरांची जबाबदारी येते, आणि गटप्रमुखपद पाळीपाळीने फिरतं. आपापल्या देशात कुणी पाद्री असतो, कुणी मोठ्या संस्थेचा समन्वयक. डुकरांचा गोठा मात्र सगळ्यांनाच धुवावा लागतो. आणि ज्याची पाळी असेल त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, मग तो वयाने सगळ्यात लहान का असेना.

बोकाशी, म्हणजे आंबवून केलेलं जपानी सेंद्रिय खत, त्याचा एक दिवस सांगते. तांदळाचा कोंडा, कोंबडीखत, माती आणि भाताच्या तुसाचा कोळसा एकत्र कालवून त्यात बेताने पाणी घालतात. मूठभर मिश्रण दाबलं की त्याचा लाडू वळला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये आणि बोट लावताच तो फुटला पाहिजे. पुढचे काही दिवस ढीग आतून तापतो, म्हणून तो रोज पलटावा लागतो. आमच्या गटात म्यानमारची एक ताई होती, तिला इंग्रजी जेमतेम यायचं. तिथला सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो. त्या आठवड्याचा प्रमुख झांबियाचा होता. काम समजावून झाल्यावर ‘कळलं का?’ असं त्याने विचारलंच नाही, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. त्याने फावडं तिच्या हातात दिलं आणि पहिला ढीग तिलाच कालवायला सांगितला. तिचा हात इतका सराईत होता, की पाण्याचा अंदाज तिच्याकडूनच घ्यायचा, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. पुढे दर वेळी ओल बघायला आम्ही तिलाच हाक मारायचो.

मी तिथे जे शिकले त्यातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जो गप्प आहे त्याला काय येतं हे शोधून काढणं आणि त्याला पुढे करून आपण बाजूला होणं, हे प्रमुखाचं काम. आपल्याकडे बैठकीत खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण, हे आधीच ठरलेलं असतं. परतल्यावर मी गटांच्या बैठकीत एवढंच बदललं: अध्यक्षपद महिन्याला फिरतं केलं आणि हिशेब वाचायचं काम आळीपाळीने सगळ्यांकडे दिलं. लिहिता-वाचता न येणारी बाई शेजारणीकडून आकडे पाठ करून घेते आणि उभी राहून बोलते. बैठक लांबते, हे खरं. लांबू दे.

स्वयंपाकाचीही पाळी असते. जेवण बहुतेक तिथेच पिकवलेल्या अन्नाचं, त्यामुळे भात भरपूर, मसाला बेताचा. अभ्याससहलीही होतात. तोचिगीतच आशिओची तांब्याची खाण आहे, आता बंद पडलेली. तिच्या विषारी पाण्याने नदीकाठची शेती नासली, तेव्हा तानाका शोझो या खासदाराने त्यासाठी पद सोडलं आणि १९०१ मध्ये थेट सम्राटापुढे अर्ज घेऊन धाव घेतली. खाणीभोवतीचे उघडेबोडके डोंगर बघताना नर्मदाकाठचं विस्थापन जवळून पाहिलेल्या माणसाला पुष्कळ काही आठवतं.

आता अर्जाविषयी. एकट्याने परस्पर अर्ज करून भागत नाही, पाठवणारी संस्था लागते आणि परत येऊन त्याच लोकांसोबत काम करण्याची तयारी लागते. परदेशात नोकरीची वाट म्हणून कुणी बघत असेल तर जाऊ नये, ती जागा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. पदवीपेक्षा तुम्ही लोकांमध्ये किती काळ आणि काय काम केलंय, हे नीट लिहा. शिष्यवृत्तीची सोय असते. प्रवासखर्चातला आपला आणि आपल्या संस्थेचा वाटा किती, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, जपानी व्हिसाच्या कागदपत्रांनाही वेळ लागतो. नासुशिओबारात एप्रिलमध्येही चांगलीच थंडी असते आणि डिसेंबरात वारा बोचतो, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे भरपूर न्या. गमबूट तिथे रोज लागतात.

आणि निघण्याआधी तुमच्या गटातल्या बायकांना, शेतकऱ्यांना विचारा, की तुम्ही नऊ महिने नसाल तर काम कोण बघणार. त्यांनी स्वतःहून एखादं नाव सुचवलं तर त्या व्यक्तीकडे वह्या आणि किल्ल्या आत्ताच सोपवा, म्हणजे तुम्ही इथे असेपर्यंत तिचा हात बसेल.