गाडीची गरम होणारी सीट थंड पडली तर दोष कसा शोधावा

सीट गरम होत नाही म्हटल्यावर बरेच जण थेट कव्हर काढायला घेतात. तो मोह आवरा. आतला हीटिंग पॅड तुटला आहे की नाही, हे सीटखालच्या कनेक्टरवरच कळतं. हाताशी साधा मल्टीमीटर, हेडलाइटचा एक जुना ५५ वॅटचा बल्ब आणि टॉर्च असली की भागतं.

आधी लक्षण नीट बघा. दोन्ही सीट एकदम बंद पडल्या असतील तर सामाईक फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) तपासा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू नसेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर हीटर मुद्दामच बंद ठेवला जातो, त्यामुळे ही तपासणी इंजिन चालू ठेवून करा. बसायचा भाग तापतो पण पाठ थंड, असं असेल तर फ्यूज निर्दोष आहे. स्विचचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझत असेल, तर बहुधा कंट्रोल मॉड्यूलला पॅड किंवा सेन्सरमध्ये दोष दिसला आहे.

सीटखाली हात घालण्याआधी एक गोष्ट: तिथे पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजा. त्याला मल्टीमीटर कधीही लावू नका. सीट काढावीच लागली तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, दहा मिनिटं थांबा आणि मगच तो कनेक्टर काढा. तो सुटा असताना इग्निशन चालू करायचं नाही. (सीट मोटरवर सरकणारी असेल तर बॅटरी सोडवण्याआधीच ती बोल्ट दिसतील अशी सरकवून ठेवा. हे विसरलं की पुन्हा सगळं जोडावं लागतं.)

फ्यूज ठीक असेल तर गाडी बंद करून हीटरचा कनेक्टर सोडवा आणि पॅडकडच्या दोन जाड वायरींमध्ये ओहम मोजा. साधारण २ ते ५ ओहम दिसले तर पॅड शाबूत. २.५ ओहम म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ५ अँपिअर, साधारण ५८ वॅट. मीटर ‘ओएल’ (OL, म्हणजे मोजता येणार नाही इतका जास्त रोध) दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे. आकडा बरोबर आला तरी मीटर लावून ठेवून सीटवर तळहाताने जागोजागी दाबा, विशेषतः गुडघा टेकला जातो त्या कडेला. आकडा उडाला तर तार अर्धवट तुटलेली आहे. पॅड आणि सीटचा लोखंडी सांगाडा यांच्यात मात्र ‘ओएल’च यायला हवं.

बारीक वायरी बहुधा तापमानाच्या सेन्सरच्या असतात. तिथे सहसा हजारांत ओहम येतात आणि सीट ऊबदार झाली की ते कमी होतात. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, बदल होतो की नाही तेवढं बघा.

पॅड चांगला निघाला की वीज पुरवणारी बाजू बघायची, आणि फसगत होते ती इथेच. सुट्या कनेक्टरवर मीटर १२ व्होल्ट दाखवतं आणि आपण म्हणतो, वायर ठीक आहे. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. तारेचा एकच केस शिल्लक असला तरी १२ व्होल्ट दिसतात. म्हणून इंजिन चालू करा, हीटर सगळ्यात जास्त सेटिंगवर ठेवा आणि पॅडच्या जागी ५५ वॅटचा बल्ब जोडा, तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब मंद लागून व्होल्टेज ७-८ वर आलं तर कुठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. बल्ब लागलेला असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सीटच्या अर्थ वायरला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर कार्पेटखालचा अर्थचा बोल्ट घासून घट्ट करा. नाहीतर दोष पॉझिटिव्ह बाजूला. सेन्सर त्याच कनेक्टरमध्ये असेल तर मॉड्यूल बल्बला वीजच देणार नाही. मग कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने मीटर लावा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नका, वायर जळेल. पॅडचा कनेक्टर सोडवून नवीन फ्यूज लावा. तो टिकला तर शॉर्ट पॅडमध्ये, उडाला तर सीटच्या रुळाला घासलेली वायर शोधा.

वायर तुटलेली असेल तर सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा. पॅडमधली तार मात्र पीळ देऊन जोडू नका. तो जोड जास्त तापतो आणि फोम करपतो, कव्हरला भोकही पडतं. पॅडच बदला. कनेक्टरची पिन काळी पडली असेल तर तीही.

जोडताना आधी पिवळा कनेक्टर, मग बॅटरी. इंजिन चालू करून एअरबॅगचा दिवा विझतो का ते बघा आणि पाच मिनिटं सीटवर हात फिरवा. एखाद्याच ठिकाणी चटका लागत असेल तर हीटर लगेच बंद करा.