ई-चलान आलंय? पैसे भरण्याआधी आणि भरल्यावर या चुका टाळा

चौकात पोलिसाने पावती फाडली तर निदान तिथल्या तिथे विचारता येतं, कशाबद्दल म्हणून. ई-चलानचा नुसता मेसेज येतो. मग काही जण घाबरून लगेच पैसे भरतात, काही जण मेसेज पुसून विसरून जातात. नुकसान दोघांचंही होतं. महाराष्ट्रात चलान आलं की आधी ते उघडून नीट बघा, मग भरायचं की हरकत घ्यायची ते ठरवा.

मेसेजमधल्या लिंकवरूनच पैसे भरणं

व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, आली तर ती सरळ डिलीट करा. ती इन्स्टॉल झाली की फोनमधले मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी चोरांच्या हाती जातो. चलान म्हणून कोणतंही सरकारी खातं अशी फाइल पाठवत नाही. राज्याचं अधिकृत संकेतस्थळ 'महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन' आहे, तर केंद्राचं 'ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन'. पत्ता दर वेळी स्वतः टाइप करा. संकेतस्थळाच्या नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच हवा. त्यानंतर तिरप्या रेघेने (/) सुरू होणारा पानाचा पत्ता चालतो, पण डॉट किंवा आडवी रेघ देऊन आणखी नाव जोडलेलं दिसलं तर ती साइट बनावट आहे. फाइल चुकून इन्स्टॉल झालीच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

नंबर टाकला, काहीच दिसत नाही. म्हणजे चलान नाही असं समजणं

राज्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. माहिती सापडत नसेल तर बहुतेक वेळा चूक टाइप करण्यात असते. नंबरमध्ये मोकळी जागा किंवा रेघ देऊ नका. शेवटचा भाग चार आकडीच हवा, म्हणजे गाडीचा नंबर १२३ असेल तर ०१२३ लिहा. आरसीवरची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरची अक्षरं पुसट झाली असतील तर विम्याच्या पॉलिसीवर चासी आणि इंजिन नंबर दोन्ही छापलेले असतात.

चलान आहे पण मेसेज कधीच आला नाही, असं असेल तर आरटीओच्या नोंदीत तुमचा जुना मोबाइल नंबर असण्याची शक्यता मोठी. परिवहनच्या पोर्टलवर तो बदलून घ्या. हे आजच करण्यासारखं काम आहे, कारण पुढचं चलानही त्याच बंद नंबरवर जाणार.

फोटो न बघता पैसे भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कायद्याच्या भाषेत या दंडाला तडजोड शुल्क म्हणतात. मोटार वाहन कायद्याचं कलम २०० त्यासाठीच आहे. शुल्क भरलं की प्रकरण मिटलं. मग "ती गाडी माझी नव्हती" हे सांगायला जागा उरत नाही. म्हणून चलान उघडा, पुराव्याचा फोटो मोठा करून बघा आणि गाडीचा प्रकार, मॉडेल, रंग, काचेवरचे स्टिकर, नंबर प्लेट, तारीख-वेळ आणि ठिकाण एकेक करून ताडून पाहा. चारचाकीच्या नंबरवर हेल्मेटचं चलान दिसलं तर नोंदीत घोळ झालाय हे उघड आहे.

घोळ होतो कसा? कॅमेरा प्लेट वाचताना इंग्रजी बी आणि ८, डी आणि ० यांत गल्लत करू शकतो. प्लेट वाकलेली, चिखलाने माखलेली किंवा नक्षीदार अक्षरांची असेल तर ही शक्यता वाढते. हाताने नंबर टाकतानाही एखादा आकडा इकडचा तिकडे होतो.

अशा वेळी पैसे न भरता संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या पर्यायातून हरकत नोंदवा. "चलान चुकीचं आहे" एवढंच लिहून भागत नाही. चलान क्रमांक, तारीख आणि फोटोतली गाडी तुमच्या गाडीपेक्षा नेमकी कशी वेगळी आहे ते दोन-तीन ओळींत लिहा. सोबत आरसी आणि गाडीचे पुढून-मागून नंबर दिसतील असे फोटो जोडा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर ज्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या वाहतूक शाखेने चलान केलं तिथे पाठपुरावा करा. ठाण्यात झालेलं चलान साताऱ्याच्या वाहतूक शाखेत सुटत नाही.

फोटोत मॉडेल, रंग आणि नंबर सगळं तुमच्यासारखंच आहे, पण गाडी त्या दिवशी त्या गावात नव्हतीच, तर कोणीतरी तुमचा नंबर वापरत असावं. हे प्रकरण चलानपुरतं ठेवू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. त्या वेळची फास्टॅगची नोंद, सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या पार्किंगचं सीसीटीव्ही चित्रण हे पुरावे लगेच गोळा करा. चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं.

गाडी तुमची पण चालवत होता दुसराच, हे कारण मात्र वेगळं. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे येतं, आणि पोलिसांनी विचारल्यास चालक कोण होता हे सांगणं कलम १३३ नुसार मालकाचं कर्तव्य आहे.

खात्यातून पैसे गेले, चलान 'अनपेड', म्हणून पुन्हा भरणं

थांबा. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा आणि काही तासांनी चलानची स्थिती पुन्हा बघा. बँक आणि पोर्टल यांच्यातली पुष्टी कधीकधी उशिरा पोचते. यूपीआय किंवा कार्डचा व्यवहार फसला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे खात्यात परत यायला हवेत. तसं झालं नाही तर व्यवहार क्रमांकासह बँकेकडे तक्रार करा. 'पेड' दिसलं की पावती डाउनलोड करून ठेवा, गाडी विकताना ती कामाला येते.

लोक अदालतीत सूट मिळेलच, असं धरून बसणं

राष्ट्रीय लोक अदालतीत थकीत चलानं तडजोडीने मिटतात, पण सूट हा हक्क नाही. नोटीस आली असेल तर त्यातली तारीख आणि ठिकाण बघून चलानांची यादी आणि आरसी घेऊन जा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा, म्हणजे कलम १८५ चा गुन्हा तडजोडीचा नाही. तो लोक अदालतीत मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं.

गाडी विकली, नाव तसंच ठेवलं

नव्या मालकाने सिग्नल तोडला तरी आरटीओच्या दप्तरी नाव तुमचं, म्हणून चलान तुम्हाला. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल पूर्ण करा, आणि तो होईपर्यंत गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा कागद जवळ ठेवा. जुनी गाडी घेणाऱ्यानेही पैसे देण्याआधी त्या नंबरवरची थकीत चलानं राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही संकेतस्थळांवर तपासावीत. एकीकडे काही दिसलं नाही तरी दुसरीकडे, विशेषतः परराज्यात झालेलं चलान, निघू शकतं.