केनियातल्या खेड्यांत, शाळांमधल्या ख्रिस्ती युवासेवेला येणाऱ्यांसाठी

काकामेगा, बुसिया, सियाया या पश्चिम भागातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत 'सीयू', म्हणजे ख्रिश्चन युनियन, आधीपासून असते. ती मुलंच चालवतात: अध्यक्ष त्यांचा, सचिव त्यांचा, गायनमंडळही त्यांचं. देखरेखीला एक शिक्षक असतो, त्याला 'पेट्रन' म्हणतात. तुम्ही त्याचे पाहुणे. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं सोपं जातं.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि तिचं पिवळं कार्ड जपा. भारतात परतताना ते नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास हिवताप खूप. प्रतिबंधक गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा. डॉक्सीसायक्लिन दिली तर घरी पोचल्यावरही ४ आठवडे घ्यावी लागते, कारण यकृतात दडलेले जंतू उशिरा रक्तात उतरतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७पासून बंदी आहे. सामान कापडी पिशव्यांत भरा. पर्यटक म्हणून येऊन शाळांत काम करू नका. बोलावणाऱ्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, धार्मिक व सेवाभावी कामाचा 'क्लास आय' परवाना किंवा थोड्या मुदतीचा 'स्पेशल पास' आधी काढायला हवा.

शाळेत पाऊल टाकलं की सरळ मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जा, व्हिजिटर्स बुकात सही करा, मग पेट्रनला भेटा. परस्पर वर्गात गेलात तर पुढच्या वेळी फाटक उघडेलच असं नाही. पत्र दोनतीन आठवडे आधी पाठवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात केसीएसई, म्हणजे माध्यमिक शाळेची शेवटची परीक्षा असते, तेव्हा चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांना हलवू नका. प्राथमिक शाळेत 'पीपीआय' ही धर्मशिक्षणाची तासिका मिळते, साधारण ३५ मिनिटांची. मुसलमान मुलांची वेगळी सोय शाळा करते. त्यांना तुमच्या गटात ओढू नका. कुणावरही धार्मिक सक्ती करायची नाही, हे संविधानातच आहे.

३५ मिनिटांत १० गाण्याला, १० बायबलच्या वचनाला, १० गटचर्चेला, ५ प्रार्थनेला द्या. स्वाहिलीत 'ब्वाना असिफिवे', म्हणजे 'प्रभूची स्तुती असो', म्हणा, मुलं 'आमेन' म्हणतील. लहानांना 'हामजाम्बो', म्हणजे 'कसे आहात', म्हटलं की 'हातुजाम्बो' येतं. गाणी त्यांनाच सुरू करू द्या, ती तुमच्याहून चांगली गातात. विजेचा भरवसा नाही, म्हणून प्रोजेक्टर नको. मनिला पेपर आणि जाड मार्कर पुरतात. गटात ८ ते १० मुलंच ठेवा. जास्त झाली की मागची गप्प बसतात आणि पुढची दोघंतिघंच बोलत राहतात. आपलं इंग्रजी त्यांना भरभर वाटतं, तेव्हा वाक्य छोटं ठेवा. घंटा वाजली की अर्धं राहिलं तरी थांबा, पुढचा तास दुसऱ्या शिक्षकाचा आहे.

चॉकलेटं, पेनं वाटून गर्दी जमवणं मला अगदी चुकीचं वाटतं. मग मुलं वचनासाठी येतात की खाऊसाठी, हे त्यांनाही कळेनासं होतं. एखाद्याची फी भरायची असेल तर शाळेच्या खात्यात भरा, मुलाच्या हातात पैसे देऊ नका. बंद खोलीत एकट्या मुलाशी बोलायचं नाही. शाळेची आणि पालकांची लेखी संमती असल्याशिवाय फोटो नाहीत. मुलाने मारहाणीची किंवा अत्याचाराची गोष्ट सांगितली तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. शांतपणे ऐका आणि त्याच दिवशी मार्गदर्शन-समुपदेशनाच्या शिक्षकांना कळवा. मुलांसाठी ११६ ही हेल्पलाइनही आहे.

वसतिगृहात जेवायला बहुधा गिथेरी, म्हणजे मका आणि घेवडा, नाहीतर उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी असते. वाढलेलं खा. 'चाय' आणि 'चपाती' हे शब्द मात्र आपल्यासारखेच.

परतीचा रस्ता बहुतेकदा लाल मुरुमाचा. इथेही त्याला 'मरम'च म्हणतात. मार्च ते मे मोठा पाऊस आणि तो बहुधा दुपारनंतर येतो. मग बोडाबोडाची, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलची, चाकं चिखलात रुततात, म्हणून त्या दिवसांत सकाळची तासिका मागा आणि जेवण झालं की निघा.