संशयितांना अडवताना या चुका टाळा

दुकानात नवी पोरं लागली की पहिल्याच आठवड्यात एखाद्याला चोर पकडायची सुरसुरी येते. त्या उत्साहाचं निस्तरायला मग मला जावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नजर सुटल्यावरही अडवणं. ही मी स्वतः केली आहे. फ्लोअरवर माझं दुसरंच वर्ष होतं. एका बाईंनी अत्तराची बाटली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि पर्समध्ये सरकवली. माझ्या डोळ्यांदेखत. मी मागोमाग निघालो. टॉवेलच्या रॅकपाशी एका गिऱ्हाइकानं मोठा साइज विचारला, मी मान वळवून उत्तर दिलं. फार तर दहा सेकंद. बाई काउंटर ओलांडून दाराबाहेर पडल्या, तिथं मी त्यांना गाठलं. त्यांनी चकार शब्द न काढता पर्स पायरीवर उपडी केली. किल्ल्या, रुमाल, गोळ्यांचं पाकीट. अत्तर नाही! मालकांना चारचौघांत माफी मागावी लागली. संध्याकाळी रॅक आवरताना बाटली टॉवेलच्या घडीत सापडली.

तेव्हापासून वस्तू उचलताना पाहिली, लपवताना पाहिली, मध्ये एकदाही नजर सुटली नाही आणि पैसे न देता माणूस काउंटर ओलांडून गेला, एवढं सगळं जुळलं तरच मी पुढे होतो. एक जरी कडी निसटली तरी जाऊ देतो. खरं तर तिथवर वेळच येऊ देत नाही. शंका आली की जवळ जाऊन विचारतो, "बास्केट देऊ का?" बहुतेकदा वस्तू मुकाट्यानं शेल्फवर परत जाते. पोरांना हे मिळमिळीत वाटतं. त्यांना चोर हवा असतो, मला माल.

दुसरी खोड: दारातलं अलार्मचं गेट वाजलं की चोर. अहो, गेटला फक्त मालाला लावलेला टॅग कळतो. काउंटरवर टॅग बंद करायचा राहिला, तर दोष आपल्या कॅशियरचा. 58 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या टॅगमधली पट्टी चुंबकाजवळ जाऊन पुन्हा जागी होऊ शकते, म्हणजे दुसऱ्या दुकानातून आणलेलं पाकीटही आपल्या गेटवर बोंबलतं. शिवाय दोघं एकदम बाहेर पडले तर वाजलं कुणाचं? मी म्हणतो, "टॅग काढायचा राहिला वाटतं, बिल बघू का?" आणि पिशवी त्यांनाच उघडू देतो.

बाकीच्या पटापट सांगतो. रस्त्यावर पाठलाग नको, वाहनाखाली कुणी आलं तर काय? अंगाला हात नको. एकट्यानं मागच्या खोलीत नेऊ नका, सोबत दुसरा कर्मचारी हवाच. "पैसे टाक, सोडतो" ही तडजोड म्हणजे उलट तुमच्यावरच खंडणीचा आळ. कपड्यांवरून संशय घेणाऱ्याला मी फ्लोअरवरून काढतो. स्टॉक कमी भरला की सगळं चोरांच्या माथी मारू नका, आधी मोजणी आणि बिलिंग तपासा.

आणि फुटेज त्याच दिवशी कॉपी करा. डिस्क भरली की रेकॉर्डर जुन्यावर नवं लिहितो. कॉपी जबाबदार माणसाकडे ठेवा, स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.