‘पाच दे’ म्हटल्यावर तिनं पाचवा चिंचोका दिला

बालवाडीत मोठ्या शिशूचा (सीनियर केजीचा) वर्ग घेण्याचं माझं ते दुसरं वर्ष. खाली गॅरेज, वर आमचे दोन वर्ग, बत्तीस पोरं आणि मी. एक निवृत्त बाई अधूनमधून वर्ग बघायला यायच्या. त्या येणार म्हणून मी आदल्या रात्री चिंचोके धुऊन, पुसून ठेवले होते. सकाळी दहा चिंचोके सरळ रांगेत मांडले आणि वर्गातली सगळ्यात तयार पोरगी पुढं बोलावली. तिनं एकेका चिंचोक्याला बोट लावत एक ते दहा खणखणीत मोजले, कुठं अडली नाही की एकही चिंचोका सोडला नाही. मी बाईंकडं बघितलं, शाबासकीच्या आशेनं.

बाई मांडी घालून खाली बसल्या. हात पुढं केला आणि म्हणाल्या, "बाळा, मला पाच दे की."

पोरीनं रांगेतला पाचवा चिंचोका उचलला. एकच. बाईंच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "ह्यो बघा पाच."

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तोच चिंचोका रांगेच्या सुरुवातीला ठेवला आणि विचारलं, "आता ह्यो किती?" पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मगाशी पाच होता, आता एक झाला."

दुसऱ्या दिवशी मी बत्तीसच्या बत्तीस पोरं एकेक करून बोलावली. निम्म्याहून जास्त जणांनी पाचवा दिला किंवा मूठभर उचलून दिले. सगळ्यांना शंभरपर्यंत पाढ्यासारखं म्हणता येत होतं. घरी जाऊन मी जेवले नाही. दीड वर्ष मी यांना गणित शिकवतेय असं सगळ्यांना सांगत होते, अन् शिकवत होते काय तर चिंचोक्यांची नावं.

बालवाडीत नव्यानं लागलेल्या मुलींनो, बाकी सगळं तुम्हाला कोर्सात सांगितलेलं असतं: वर्गीकरण, लहानमोठं, आकार, जोड्या लावणे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. ही एकच गोष्ट मात्र लांबवून सांगणार आहे, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती.

बोट दाखवून आपण पोरांना काय काय शिकवतो ते आठवा. हा कावळा, ही चिमणी, हा मोर. बोट ज्याच्यावर, नाव त्याचं. पोरगं दोन वर्षं हेच शिकत आलेलं असतं. मग एक दिवस तीच बाई, तेच बोट, आणि आता म्हणते, हा एक, हा दोन, हा तीन. पोरानं काय समजावं? चौथ्याचं नाव ‘चार’, पाचव्याचं नाव ‘पाच’. आपण त्याला मठ्ठ म्हणतो, पण त्यानं आपलं बोट अगदी बरोबर वाचलेलं असतं. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्याला कळतं की सहावी गल्ली म्हणजे सहा गल्ल्या नव्हेत. आपल्या भाषेत ‘पाच’ वेगळा आणि ‘पाचवा’ वेगळा. पण मोजताना आपण म्हणतो ‘पाच’ आणि बोट असतं पाचव्यावर. घोळ तिथंच आहे.

दुसरी खूण सांगते. पोरानं सात मणी मोजले की लगेच विचारा, "मग किती आहेत?" ज्याला कळलंय तो म्हणेल "सात". ज्याला नाही कळलं तो परत एकपासून मोजायला लागेल. पुन्हा विचारा, पुन्हा मोजेल. ‘किती’ म्हणजे ‘मोजायला लाग’ एवढाच अर्थ त्यानं घेतलेला असतो. मी अशा एका पोरावर खेकसले होते, "आत्ता मोजलेस ना रे!" त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.

उपाय मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नाही. मिळाला कपिलतीर्थ मंडईत. लिंबं विकणारी मावशी कधीच बोट लावून मोजत नाही. दोन या हातात, तीन त्या हातात, दोन्ही हात एकदम पिशवीत रिकामे करते आणि म्हणते, "ही पाच." परत हात भरते. "ही धा." आकडा येतो तो सगळी लिंबं आत पडल्यावर, आणि तो असतो सगळ्यांचा मिळून. मी तिच्याकडं खुळ्यासारखी बघत उभी. तिनं विचारलं, "काय बाई, कमी पडली व्हय?"

तेव्हापासून वर्गात रांग बंद. वस्तू स्टीलच्या वाटीत टाकत मोजायच्या, टण्ण आवाज झाला की एक आकडा. शेवटची पडली की वाटीवर हात गोल फिरवायचा आणि म्हणायचं, "सगळे मिळून पाच." मग वाटी ओतायची, वस्तू विस्कटायच्या, उलट्या बाजूनं मोजायच्या. तरी पाचच. वस्तूही एकसारख्या ठेवायच्या नाहीत. दोन चिंचोके, एक बांगडी, एक खडू, एक बाटलीचं बूच. नाहीतर ‘पाच’ हा चिंचोक्यांचाच गुण आहे असं पोराला वाटत राहतं. आणि ‘मोज’ म्हणणं कमी करा, ‘दे’ आणि ‘आण’ म्हणा. डब्याच्या वेळी "तीन चमचे आण", चटया घालताना "चार चटया दे". दिवसातून वीस वेळा अशी संधी येते आणि त्याला साहित्य लागत नाही.

घाई मात्र करू नका. ‘एक’ खरा कळल्यावर ‘दोन’ कळायला काही पोरांना महिने जातात, मग ‘तीन’. त्या काळात तुम्हाला वाटेल आपलं काहीतरी चुकतंय. चुकत नसतं. तीन-चारच्या पुढं गेलं की एक दिवस पोरगं एकदम उडी मारतं आणि मग सात मागा, नऊ मागा, बरोबर देतं. या उडीची वाट बघणं हे आपल्या कामातलं सगळ्यात अवघड काम. एक ते तीनमध्येच कितीही महिने गेले तर जाऊ द्या. शंभरपर्यंतची घोकंपट्टी गाणं म्हणून चालू ठेवा, गाण्यानं नुकसान नाही. फक्त त्याला गणित म्हणू नका.

नंतर कळलं की हा घोळ माझ्याआधी किती जणांनी पकडला होता. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीच्या साहित्यात संख्यादांड्या असतात, दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत दहा. पाचाची दांडी एकसंध असते, त्यातला ‘पाचवा’ उचलून देताच येत नाही. नुसत्या बघत होते मी त्या कपाटात, रंगीत काठ्या म्हणून. दुसरी ती काड्यांची पेटी, शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि काड्या बरोबर पंचेचाळीस. इथं आकडा आधीच लिहिलेला असतो आणि तेवढ्या काड्या पोरानं गोळा करून, एकत्र बांधून ठेवायच्या. कुठं चूक झाली तर शेवटच्या कप्प्याला काड्या कमी पडतात किंवा हातात उरतात. बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरज नाही. शून्याचा कप्पा रिकामा राहतो, तेवढ्यात शून्यही कळतो. विकत घेऊ नका, महाग पडते. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करा, काड्या आइस्क्रीमच्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं अशा भोवतालच्या वस्तूंवरच बालवाडी उभी केली. आपल्याकडं तर मिठाईचे खोके आहेत.

एक इशारा, आणि यात लाडीगोडी नाही. चिंचोके, मणी, शेंगदाणे तीन वर्षांच्या पोरांच्या हातात देऊ नका. माझ्या वर्गात एकानं नाकात मणी घातला. शिंकला, रडला, शेवटी रिक्षा करून दवाखान्यात. मणी निघाला, पण त्याच्या आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेले नाही. छोट्या शिशूला लिंबं, कांदे, चेंडू, मोठे ठोकळे. आणि वस्तू देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या. तेही गणितच.

तयार ‘ॲक्टिव्हिटी किट’बद्दल माझं मत वाईट आहे. मोबाइलवर दिसणारे निम्मे उपक्रम फोटोसाठी केलेले असतात: बाईंनी चार तास कागद कापायचा, पोरांनी दोन मिनिटं चिकटवायचं. पाच सफरचंदं रंगवा असल्या कागदांत पोरगं रंगवायला शिकतं, पाच नाही. आणि मार्गदर्शक निवडायचा असेल तर एकच कसोटी लावा, तो माणूस वर्गात आल्यावर खुर्ची मागतो की खाली बसतो. खुर्चीवरून पोराचा हात दिसत नाही. त्या निवृत्त बाईंचे गुडघे दुखायचे, तरी त्या खालीच बसायच्या. मला त्या फार बोलायच्याही नाहीत. तेव्हा राग यायचा, वाटायचं सांगून टाकायला काय जातं यांचं!

पालकांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. "वहीत काहीच नाही की हो बाई." मी वर्षभर समजावून दमले. मग एका पालकसभेत सगळ्यांना वाट्या आणि बुचं दिली आणि सांगितलं, आज एक-दोन-तीन नाही, अ-आ-इ-ई म्हणत मोजायचं. सगळ्यांनी छान मोजलं. मग म्हटलं, "मला ऊ बुचं द्या." शांतता. बोटांवर मोजायला लागले सगळे. "इ आणि उ मिळून किती?" एक गडी, सोन्याच्या दुकानात हिशेब लिहिणारा, घाम पुसत होता. उत्तर ‘ऐ’ आहे (‘ऋ’ धरायचा नाही), तुम्हीही करून बघा. सगळे स्वर तोंडपाठ असूनही हात चालत नाही. त्या सभेनंतर वहीचा विषय पुष्कळ कमी झाला. बंद नाही झाला. दोन पोरं त्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेली, जिथं दोनशेपर्यंत लिहून घेतात. त्याचं वाईट वाटलं, आणि पगार बेताचा असल्यामुळं संचालकांपुढं बोलायचीही भीती वाटली. तुम्हालाही वाटेल.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा गावभर वाद पेटला होता. आमच्या बालवाडीतल्या शिक्षिका डबा खाताना भांडल्या होत्या त्यावरून. मला त्यात दोन्हीकडचं पटत होतं, पण मनात एवढंच आलं, की एकवीस कसा म्हणायचा ते नंतर बघू, ज्या पोराला पाच मागितले की एक मिळतो त्याचं आधी बघू या.

आणि लांब पसरलेल्या रांगेत जास्त चिंचोके आहेत असं पोरगं म्हणालं तर घाबरू नका. चार-पाच वर्षांच्या पोराला तसंच दिसतं, मानसशास्त्रज्ञ पियाजेनं हे दाखवून दिलंय. लोटीतलं पाणी ताटलीत ओतलं की ‘कमी झालं’ म्हणतात तसंच. सांगून पटत नाही. ओतू द्या, परत लोटीत ओतू द्या, पुढच्या वर्षी परत.

त्या पहिल्या पोरीचं सांगायचं राहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी तिला सहज म्हटलं, "जा, पाच खडू घेऊन ये." ती गेली, डब्यात हात घातला आणि तिथूनच ओरडून विचारलं, "बाई, सगळं मिळून पाच का?"

मी फळ्यावर चित्र काढत होते. हो म्हणायला वळले तर लक्षात आलं, मी चित्रातल्या बदकांवर बोट टेकवत, एक, दोन, तीन, असं पुटपुटत होते.