वचन वाचन, प्रार्थना, उपास: शिस्त लावताना या चुका टाळा

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या तरुण संघात दरवर्षी एक सीन ठरलेला असतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत सगळे जोशात येतात, यंदा अख्खं बायबल वाचून काढणार म्हणून, आणि जानेवारीतल्या आमच्या सोलापूरच्या गड्डा जत्रेतले पाळणे उतरेपर्यंत निम्मे गळालेले असतात. मी पण त्यातलाच, सलग चार वर्षं गळलोय, त्यामुळं खालची जवळजवळ प्रत्येक चूक स्वतः करून बघितलेली आहे.

पहिली चूक म्हणजे घास मोठा घेणं. बायबलमधे १,१८९ अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीनपेक्षा जास्त. पहिली दोन पुस्तकं, उत्पत्ती ५० अध्याय, निर्गम ४०, म्हणजे जानेवारी संपता संपता तुम्ही तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात येता आणि तिथं होमबली, चरबी, गुरदे, कुष्ठरोगाची तपासणी, गाडी तिथंच रुतते. ज्याला रोज वाचायची सवयच नाही त्यानं मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करावं. १६ अध्याय आहेत, रोज एक वाचला तर पंधरवड्यात एक पुस्तक हातावेगळं होतं आणि आपल्याला जमतंय असं वाटायला लागतं, ते वाटणं सुरवातीला फार गरजेचं असतं. अख्खं बायबल पुढच्या वर्षी वाचा की, कुठं पळून चाललंय.

दुसरी चूक, मूडची वाट बघणं. "आज मनच लागत नाही ओ." आता मला सांगा, सोलापुरात राहून हे वाक्य आपल्याला शोभतं का? आपल्याकडं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी पाण्याची पाळी असते त्या दिवशी रात्री अडीचला नळाला फुस्स आवाज आला की अख्खी गल्ली उठते, घागरी, बादल्या, पिंप, मोटरचा पाइप, कुणी म्हणत नाही की आज पाणी भरायचा मूड नाही. भरलं नाही तर पुढचे चार दिवस काय होतं ते माहिती असतं ना. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात सुभक्तीसाठी जो शब्द वापरलाय तो पण "कसरत कर" असाच आहे, वाटेल तेव्हा कर असं नाही लिहिलं.

पण याच्या उलटी चूक पण आहे, पहाटेचा हट्ट. मार्क १:३५ मधे येशू पहाटे अंधार असतानाच उठून प्रार्थनेला गेला, बरोबर आहे. पण लूक ६:१२ मधे तोच रात्रभर प्रार्थना करतो, दानीएल दिवसातनं तीनदा गुडघे टेकतो, आणि इसहाक संध्याकाळी शेतात ध्यान करायला जातो. आता मे महिन्यात ४३ डिग्री, लाइट गेलेली, गच्चीवर तळमळून दोनला डोळा लागलाय, किंवा नवरा नाइट शिफ्ट करून सातला घरी येतोय, तिथं चारचा अलार्म लावून काय होणार, पेंगतच वाचणार ना. माझं तर दुपारी डबा खाल्ल्यावरच्या वीस मिनिटांत जमतं. वेळ कुठली का असेना, ठरलेली पाहिजे.

आता जी चूक सगळ्यात जास्त लोकांना बुडवते ती म्हणजे थकबाकी. चार दिवस वाचन चुकलं, मग पाचव्या दिवशी डोक्यात हिशोब सुरू, चार दिवसांचे बारा आणि आजचे तीन, पंधरा अध्याय, रविवारी बसून उरकू. रविवारी पाहुणे येतात. मग अठरा, मग एकवीस, आणि मग बायबल दिसलं तरी उधारीवाला दुकानदार दिसल्यासारखं तोंड फिरवायचं.

आमच्या शेजारचे मामा आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा बघितलंय, ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचे, दोन्ही टोकं शोधायची, चिमटीत धरून एक बारीक गाठ, उरलेलं शेपूट कात्रीनं कापायचं, खटका ओढला की परत खडखडाट सुरू. अर्धा मिनिट पण नाही. मी एकदा विचारलं, मामा रात्रीतनं किती वेळा तुटतो, तर म्हणले, "ते मोजत बसलो तर चादर कवा निघायची?" तुटला म्हणून कुणी पहिल्यापासनं चादर विणत नाही. तर राहिलेलं राहू द्या, आजच्या तारखेचं पान उघडा.

मोबाइलचं काय सांगू. मी स्वतः रात्री अकरा पन्नासला बायबलचं अॅप उघडून एक वचन नुसतं डोळ्यासमोरनं सरकवलेलं आहे, का तर सलग दिवसांची स्ट्रीक तुटू नये, आणि कुठलं वचन होतं ते पाच मिनिटांनी सांगता आलं नसतं. शक्यतो छापील शास्त्र घ्या, फोन दुसऱ्या खोलीत.

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातल्या उपासाचं पण बोलायला पाहिजे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस भरतात ४६, त्यातले सहा रविवार सोडून ४० धरतात. आता उपास धरला आणि दुपारी तीनला मुलावर, बायकोवर खेकसलो, तर यशया ५८ उघडून बघा, भांडणतंट्यासाठी उपास करता असं लोकांना तिथं स्पष्ट सुनावलंय. स्टेटसला टाकायची तर गरजच नाही, उपास लोकांना दाखवायला करू नका हे सांगणारा मत्तय ६ पाठ असतो की आपला. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा, गोळी बंद करून उपास करू नका. जेवणाऐवजी टीव्हीवरची सिरीयल सोडा, चालतंय.

अजून एक, शिस्त लागली की माणूस दुसऱ्याला मोजायला लागतो, लूक १८ मधल्या स्वतःला धार्मिक समजणाऱ्या परुश्यासारखं, मी आठवड्यातनं दोनदा उपास करतो वगैरे. मुलांना पण कौटुंबिक प्रार्थनेत तासभर डांबून ठेवू नका, दहा मिनिटं बास.

माझी एक तक्रार आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तिथलं १९०५ चं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, प्रत्येक कन्व्हेन्शनमधे ऐकायला मिळतं, पण त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, १९२२ ला वारल्या त्याच्या थोडं आधीपर्यंत वर्षानुवर्षं त्याच कामात होत्या, आणि मिशनमधल्या बायका-मुली छापखान्यात त्याचे खिळे जुळवत होत्या, हे कोण सांगत नाही. रोज उठून ओळीमागनं ओळ लावणं स्टेजवरनं सांगायला मजेशीर नसतं बहुतेक.

आता नेहमी विचारतात त्या अडचणी. वाचतो पण आत काही जात नाही: मोठ्यानं वाचा आणि एक ओळ वहीत उतरवा. प्रार्थनेत झोप येते: गेथशेमानेत शिष्य पण झोपलेच होते, उठून फेऱ्या मारत प्रार्थना करा. मधेच गॅसचा नंबर लावायचा राहिलाय आठवतं: शेजारी कागद ठेवा, लिहून टाका, पुढं चला. एकट्यानं टिकत नाही: रोज फोन करून "झालं का रे" एवढंच विचारणारा एक दोस्त धरा.

आणि महिनोन् महिने सगळं कोरडं वाटत असेल, झोप आणि भूक पण उडाली असेल, तर त्याला लगेच पाप किंवा आळस म्हणू नका, डॉक्टरला दाखवा, घरच्यांशी बोला. १ राजे १९ मधे संदेष्टा एलीया झाडाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूतानं त्याला आज प्रार्थना केलीस का असं विचारलेलं नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, तो खाऊन परत झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून परत जेवायलाच घातलं. होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्याच्यानंतर.